जादा टँकरचा अर्ज

वैशाखाच्या आरंभी आखाजी येते. खानदेशात या सणाला पाण्याने भरलेली घागर पूर्वजांच्या नावे पुजली जाते, लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात. जैन घरांत हाच दिवस वर्षीतपाच्या पारण्याचा. भगवान ऋषभदेवांच्या स्मरणाने तपस्व्यांचे पारणे उसाच्या रसाने होते. लग्नाचे मुहूर्तही याच सुमारास दाटलेले असतात, आणि टंचाईच्या वर्षी गिरणेचे पात्र नेमके याच दिवसांत कोरडे पडलेले असते.

पाचोऱ्याची तहान गिरणेवर अवलंबून. धरण दूर, नाशिक जिल्ह्यातील नांदगाव तालुक्यात. तेथून पिण्याच्या पाण्याचे आवर्तन नदीपात्रातून सोडले जाते. तापलेली वाळू आपला वाटा आधी घेते, त्यानंतर काठावरचे पंप. म्हणूनच अशा काळात नदीकाठच्या कृषिपंपांची वीज तोडली जाते. ज्याची लिंबाची बाग ऐन उन्हात उभी आहे, त्याच्या तो आदेश जिव्हारी लागतो. निदान दोन तास तरी वीज द्या, एवढेच त्याचे मागणे असते आणि त्यात खोटे काहीच नसते. सवलतीच्या अर्जांची खरी अडचण हीच आहे. रुग्णालयाला स्वच्छता राखायची असते, बांधकाम करणाऱ्याचा नवा स्लॅब पाण्यावाचून तडकणार असतो, वधुपित्याने मंगल कार्यालयाची अनामत सहा महिन्यांपूर्वीच भरलेली असते. बहुतेक अर्ज खरेच असतात.

मात्र अर्जात मागणाऱ्याची गरज लिहिलेली असते. ज्याच्या वाट्यातून ते पाणी जाणार, त्याचे नाव कोठेच नसते. कर्जाच्या कागदावर जामीनदाराची सही घेतल्याविना बँक रक्कम देत नाही. येथे जामीनदार असतो, पण त्याला कोणी विचारलेले नसते. टंचाईत ग्रामीण भागाला टँकरने पाणी देताना माणशी दररोज 20 लिटर हे प्रमाण धरले जाते. त्या हिशेबाने 10,000 लिटरचा एक टँकर म्हणजे 500 माणसांचा एक दिवस.

2016 चा उन्हाळा या दृष्टीने आठवण्याजोगा आहे. लातुरात पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली होती. 12 एप्रिलला मिरजेहून सुमारे 5 लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातुरात पोहोचली. दुसऱ्याच दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने आयपीएलचे 30 एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर हलविण्याचा आदेश दिला. मैदानासाठी सांडपाणी प्रक्रिया करून वापरू, असे आयोजकांच्या बाजूने सांगून झाले होते. दुष्काळनिधीला पैसे देण्याचीही तयारी होती. पुढे 1 मे रोजीचा पुण्यातील सामना तेवढा खेळू दिला गेला. क्रिकेट संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या, तेथे दिलासा मिळाला नाही आणि अंतिम सामना मुंबईऐवजी बंगळुरूला झाला.

मुंबईच्या मैदानावर न शिंपडलेले पाणी लातूरच्या हंड्यात कसे पडणार, असा आक्षेप तेव्हा घेतला गेला. तो सर्वस्वी चुकीचा नव्हता. त्या निर्णयाला प्रतीकाचे मोल अधिक होते. त्याच महिन्यात औरंगाबाद खंडपीठाने मराठवाड्यातील मद्यनिर्मिती उद्योगांचे पाणी 60 टक्क्यांपर्यंत कापले, ती गोष्ट मात्र निराळी. औरंगाबादचे हे कारखाने आणि त्या शहरातील नळ दोघांचेही पाणी जायकवाडीचेच. उद्गम एकच असेल, तर एकाची सवलत ही दुसऱ्याची कपात ठरते. महसूल आणि रोजगार या युक्तिवादांना तेथे दुय्यम स्थान मिळाले, ते योग्यच झाले.

पाचोऱ्यातही कसोटी हीच लावावी लागते. पालिकेकडे कशाला मागायचे, खासगी टँकर विकत घेऊ, असे ऐपत असलेली घरे सहज म्हणतात. तो टँकर आकाशातून भरला जात नाही. तो शिवारातल्या कोणाच्या तरी विहिरीवर भरतो आणि त्या विहिरीखालचे पाणी शेजारच्या हातपंपाचेही असते. सार्वजनिक पेयजलस्रोतापासून 500 मीटरच्या आत परवानगीविना नवी विहीर खोदण्यास 1993 च्या भूजल कायद्याने मनाई केली, ती याच कारणाने. पैसे दिल्याने पाण्याची मालकी मिळाली, हा समज तेवढा सुटायला हवा.

उद्या संघानेच पारण्यासाठी जादा टँकर मागितला, तर? ज्यांच्या घरी पाणी गाळून वापरण्याचा संस्कार आहे, ज्यांच्या शास्त्रात पाण्यालाही जीव मानले आहे, त्यांच्या अर्जाकडे गाव जरा अधिक बारकाईने पाहणार, हे उघड आहे. वर्षभर एकांतर उपवास केलेल्या तपस्व्याची गरज थोड्या रसाची आणि मोजक्या उकळलेल्या पाण्याची. पाणी लागते ते मांडवातल्या गर्दीला, गौतमप्रसादीच्या पंगतीला, भांडी धुण्याला, अंगणात सडा मारण्याला. या दोन गोष्टी एकाच अर्जात तपाच्या नावाखाली जातात, तेथे गफलत होते. पंगत पावसाळ्यानंतर ठेवता येते. पारण्याची तिथी हलत नाही. तेव्हा अर्ज करायचाच झाला, तर तो पारण्यापुरताच करावा: किती लिटर, कोणत्या उद्गमातून, कोणत्या दिवशी, आणि त्या दिवशी कोणत्या वस्तीची पाळी पुढे ढकलली जाईल, हे त्यात स्पष्ट लिहावे. त्याची एक प्रत संघाच्या फलकावर लावावी आणि दुसरी त्या वस्तीत नेऊन द्यावी.