भाच्याचा ड्रोन आणि न्हाणीचा पत्रा

आमच्या भाच्याने ड्रोन घेतला ही बातमी बहिणीने आम्हाला फोनवर दिली ती जवळजवळ रडतच. "दादा, एवढ्या पैशात दारात दुभती गाय उभी राहिली असती. ह्याने प्लॅस्टिकचं पाखरू आणलं!"

भाचा रांजणगाव एमआयडीसीत कंत्राटी कामगार आहे. ओव्हरटाइमचे पैसे साठवून त्याने पुण्यातून वापरलेला ड्रोन आणला. आम्ही पडलो बी.कॉम. कारकून, त्यामुळे आधी हिशेब मागितला. ड्रोन, दोन जादा बॅटऱ्या, सुटे पंखे, मेमरी कार्ड. बॅटरी कागदावर अर्धा तास चालते, वारा असला की वीसेक मिनिटे. वजन २४९ ग्रॅम, म्हणजे पाव किलोला एक ग्रॅम कमी. पावती? ती नव्हती. इथे मात्र आम्ही कपाळाला हात लावला.

तरीही आम्ही त्याला रागावलो नाही. छंद हे पोट भरलेल्यांचे काम असे आपल्या घरांतून समजले जाते. १८५८ साली नादार नावाच्या फ्रेंच छायाचित्रकाराने फुग्यात बसून पहिल्यांदा आकाशातून फोटो काढला, तेव्हापासून हा शौक खर्चिकच राहिला. आपल्याकडे उद्धव ठाकरे यांचे 'महाराष्ट्र देशा' हे पुस्तक २०१० साली आले. त्यातले गडकिल्ले हेलिकॉप्टरमधून टिपलेले. हेलिकॉप्टर काही आपल्या दारात उभे नसते. आमच्या बापजाद्यांनी गाव पाहिले ते वेशीबाहेरून. एमआयडीसीतला पोरगा ते वरून पाहू म्हणतो, तर त्यात वाईट काय?

वाईट झाले ते दुसऱ्याच दिवशी. बहिणीचे गाव दौंड तालुक्यात, भीमेच्या काठी. भाच्याने हौसेने दिवेलागणीला ड्रोन उडवला. लाल-हिरवे दिवे लुकलुकले, घरघर सुरू झाली आणि पंधरा मिनिटांत काठ्या घेऊन माणसे जमली. त्यांचाही दोष कसा म्हणावा? २०२४ च्या पावसाळ्यात शिरूर, दौंड, बारामती, इंदापूर या भागांत रात्री आकाशात ड्रोन घिरट्या घालतात म्हणून लोक हवालदिल झाले होते. चोर घरे हेरतात, अशी बोलवा उठली. तरुण पोरांनी बॅटऱ्या घेऊन रात्र रात्र गस्त घातली, बायामाणसांनी अंगणात झोपणे सोडले. ती धास्ती अजून गेलेली नाही. कोणाचा ड्रोन, कोणी आणला, असे विचारता विचारता प्रश्न "कुठल्या वस्तीतला रे तू?" इथवर आला. उत्तर ऐकल्यावर आवाज आणखी चढले. आम्ही न्हावरेमार्गे मोटारसायकल हाणत पोहोचलो तोवर पोलीस पाटलांनी समजूत घातली होती. भाच्याची कॉलर फाटली होती, एवढ्यावर निभावले.

परत येताना आम्हाला राईनपाडा आठवत होता. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या त्या गावात मुले पळवणारे समजून जमावाने पाच जणांना ठेचून मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागायला आलेले. अफवा आंधळी असते असे म्हणतात, पण मारायचे कोणाला हे तिला नेमके दिसते.

पुढचे दोन रविवार कागदपत्रांत गेले. ते आमचेच खाते! ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन 'नॅनो' गणला जातो, त्याला पायलटचे प्रमाणपत्र लागत नाही. त्यावर दोन किलोपर्यंतचा 'मायक्रो'. तोही केवळ हौसेसाठी उडवला तर प्रमाणपत्र नको, पण लग्नाच्या सुपाऱ्या घेऊन उडवला तर हवे. शंभर रुपये भरून सरकारी पोर्टलवर नोंद करायची आणि ओळख क्रमांक घ्यायचा. नकाशावर हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही, लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवायचाच नाही. नियम मोडल्यास दंड एक लाखापर्यंत. आणि पावती! फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा एवढेच अपवाद. त्यामुळे बिनपावतीचा चिनी माल स्वस्त पडला तरी नोंदणीत अडकतो. भाच्याने मूळ मालकाला गाठले, २०२१ ची खरेदी-पावती मिळवली आणि नोंद नावावर करून घेतली.

"मामा, १ जानेवारीला पेरणे फाट्यावर वरून काय फोटो येईल!" असे तो म्हणाला तेव्हा आम्ही स्पष्ट नाही म्हटले. जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक एखादा परिसर एका वेळी ९६ तासांपर्यंत तात्पुरता लाल जाहीर करू शकतात. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, लाखोंच्या गर्दीत आपलीच लेकरे खांद्यावर असतात. त्यांच्या डोक्यावर पंखे फिरणारे यंत्र कशाला? दौंडचे रेल्वे जंक्शन आणि राज्य राखीव पोलीस दलाची ठाणी, तिकडेही फिरकायचे नाही असे ठरले.

खरा नियम मात्र बहिणीने घातला. "आपल्या वस्तीत न्हाणीला छप्पर असतं का रे? चार बाजूंनी गोणपाट, वर आभाळ. तुझं पाखरू वरून काय बघणार?" आम्ही सगळे नियम पालथे घातले होते, हे आमच्या डोक्यात आले नव्हते. बायांनी बसून वेळ ठरवली. सकाळी दहाच्या आधी उडवायचा नाही, नदीवर धुणे चालू असताना तिकडे न्यायचा नाही, अंधारात तर नाहीच. भाच्याला एक जादा अट: आधी घरच्या न्हाणीवर पत्रा टाकायचा. तो त्याने पुढच्या ओव्हरटाइममधून टाकला.

मग एका रविवारी अकरा वाजता, ग्रामपंचायतीला आणि पोलीस पाटलांना लेखी कळवून, शाळेच्या पटांगणातून ड्रोन उडवला. पोरांबरोबर काठीवाले मंडळीही बघायला आली. त्यातला एक जण बिबट्याची गोष्ट सांगू लागला. शिरूर तालुक्यात पिंपरखेड परिसरात तिघांचे बळी गेल्यावर नोव्हेंबर २०२५ मध्ये वनखात्याने रात्री थर्मल ड्रोन लावून बिबट्या हुडकला, मग त्याला गोळी घातली. "तवा ह्याच घरघरीनं लोकांना धीर आला," असे तो म्हणाला. भाच्याने लगेच रिमोट त्याच्या हातात दिला. आमचा जीव मुठीत!

पडद्यावर गाव उमटले. उसाचे हिरवे तुकडे, भीमेचे वळण, देवळाचा कळस. ऐंशीच्या पुढच्या एका आजींना आपले घर ओळखू येईना. "एवढंसंच हाय व्हय आपलं घर?" म्हणाल्या. मग दारातल्या चिंचेवरून त्यांना ते सापडले आणि सापडल्यावर त्यांनी पडद्यावर बोट ठेवले ते उचलेनात.

भाच्याने आणखी वर नेले. आता सगळे गाव एका चौकटीत आले. काळा डांबरी रस्ता गावठाणातल्या शेवटच्या घरापर्यंत काळाच होता, तिथून वस्तीकडे वळताना मातकट झाला. गावभरच्या गटारीची ओली रेघ घरांमागून फिरत फिरत येऊन वस्तीच्या तोंडाशी पसरली होती. पाण्याची टाकी दुसऱ्या टोकाला. हे आम्हाला कोणाला ठाऊक नव्हते असे नाही. पण सरपंचांचे चिरंजीव आमच्या शेजारीच उभे होते, तेही बघत होते, आणि कोणीच काही बोलले नाही.

त्या फोटोची मोठी प्रत शिरूरला काढून घेतली. बायांनी सांगितलेली मोजमापे खाली लिहिली आणि रस्ता व गटार यांच्या अर्जाला ती जोडली. अर्ज आमच्या हातचा, फोटो भाच्याचा. पोचपावती आणि आवक क्रमांक घेतला आहे. ग्रामसभेला बहीण स्वतः जाणार म्हणते. भाचा मात्र आता टाकळी हाजीला कुकडीतली कुंडे टिपायला निघाला आहे. बहिणीने भाकरी बांधून दिली आणि बॅटऱ्या चार्ज केल्यास का, हेही तिनेच विचारले.