घोयरा पिंजऱ्यांत जगत नाहीं

पावसाळा लागला कीं आमच्या बाळापूर तालुक्यांत धुऱ्यावरील बाभळी-बोरींवर रंग पालटणारा घोयरा दृष्टीस पडतो. कोणी त्यास सरडगुहिरा म्हणतात. त्याची डुलती चाल व दोन दिशांस फिरणारे दोन डोळे पाहून मुलांस मोह पडतो आणि तो पेटींत बंद होऊन घरीं येतो. गेल्या वर्षीं आमच्या नातवानें असाच एक आणला. अठराव्या दिवशीं तो मेला. काळजींत उणें नव्हतें. उणीव होती ती ज्ञानाची. म्हणून हे चार शब्द.

पहिली अडचण अन्नाची. घोयरा हालतें भक्ष्य दिसलें तरच जीभ फेंकतो. मेलेल्या किड्याकडे तो पाहतही नाहीं. झाडावर त्यास टोळ, माशा, पतंग असें नाना प्रकारचें खाद्य मिळतें. पेटींत आम्हीं रोज माशाच दिल्या. शिवाय फवारलेल्या कपाशींतून धरून आणलेला किडा विषही बरोबर आणतो. दुसरी अडचण पाण्याची. तो पानांवरील दंव व थेंब चाटतो. वाटींतलें स्थिर पाणी बहुधा ओळखीत नाहीं. भरल्या वाटीशेजारीं तो तहानेनें सुकतो. तिसरी उन्हाची. अंगावर ऊन पडल्यावांचून 'ड' जीवनसत्त्व बनत नाहीं, कॅल्शियम अंगीं लागत नाहीं व हाडें मऊ पडतात. कांचेआडचें ऊन या कामीं निरुपयोगी. त्यांत रानांतल्या प्राण्याच्या पोटांत जंत असतातच. भीतीनें तो खंगला म्हणजे तेच त्यास जड जातात.

कोणी म्हणतील, परदेशीं लोक असे सरडे पाळतात. पाळतात खरे, पण ते बहुधा बंदिवासांतच जन्मलेले असतात. त्यांस खास दिवे, निपजविलेले किडे व जाणता पशुवैद्य लागतो. अमेरिकेंतील टेक्सास प्रांतांतल्या शिंगाळ्या सरड्याचें मुख्य अन्न दाणे वेंचणाऱ्या मुंग्या. तो हजारोंनीं धरून विकला गेला. मुंग्यांवांचून तो घरोघरीं उपाशी मेला. अखेर १९६७ सालीं तेथें कायद्यानें बंदी करावी लागली. मुंग्या मारण्यास टाकलेल्या विषानें रानांतही त्याचें अन्न घटलें, हें आपण विशेष ध्यानांत ठेवावें.

आपल्याकडेही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमान्वयें घोयरा पकडणें वा बाळगणें गुन्हा आहे. महसुली कागदांत आयुष्य घालवूनही नातवाची पेटी पाहतांना मला हें स्मरलें नाहीं, याची लाज वाटते. दुसरीकडे कित्येक जण तो विषारी समजून ठेंचतात. तो विषारी मुळींच नाहीं.

नोकरींत आम्हीं धुऱ्यास 'पोटखराब' असें लिहीत आलों. पिकाच्या हिशेबीं तें बरोबर असेल. परंतु जिवंत किडे, दंवाचे थेंब, ऊन आणि अंडीं पुरण्यास भुसभुशीत माती हें सारें घोयऱ्यास एके ठिकाणीं त्या पोटखराब्यांतच मिळतें. तासभर जमिनीच्या लोभानें धुरा नांगरून बाभळी तोडल्या, तर कोणीही न पकडतां तो नाहींसा होईल.

तेव्हां शेतकरी बंधूंस विनंती इतकीच: मुलानें घोयरा आणला तर त्यास मारूं नये, त्याच दिवशीं, त्याच झाडावर, त्याच्याच हातून परत सोडवावा. आणि तें झाड उभें ठेवावें.