रकाना रिकामा राहू द्या

गेल्या महिन्यात एका शाळासमूहाचे परिपत्रक आमच्या टेबलावर आले. पाठवणाऱ्या शिक्षिकेने वर एकच ओळ लिहिली होती : 'हे कसे करायचे ते तुम्हीच सांगा.' परिपत्रकातला हुकूम असा : वर्षभरातल्या सहाही युनिट ऑफ इन्क्वायरीचे (शोधघटकांचे) प्लॅनर, म्हणजे आखणीचे तक्ते, शाळा सुरू होण्याच्या आठवड्यात संपूर्ण भरून द्यावेत. एकही रकाना रिकामा ठेवू नये. रिकामा रकाना अपूर्ण काम धरला जाईल आणि त्याची नोंद शिक्षकाच्या वार्षिक मूल्यांकनात होईल. सोबत तपासणीची यादी जोडली होती. तिच्यात सेंट्रल आयडिया, लाइन्स ऑफ इन्क्वायरी, की-कॉन्सेप्ट आणि मूल्यमापनाची साधने यांच्याखाली आणखी दोन नोंदी होत्या : 'विद्यार्थ्यांचे प्रश्न – किमान १०' आणि 'शिक्षकाचे चिंतन – किमान १०० शब्द'.

म्हणजे जानेवारीत सुरू होणाऱ्या पाचव्या युनिटमध्ये आठ वर्षांचे मूल काय विचारणार, हे शिक्षिकेने जूनमध्येच लिहून द्यायचे. जे शिकवणे अजून झालेले नाही, ते कसे झाले यावर चिंतनही आताच करायचे. हे अशक्य आहे. आणि अशक्य काम सक्तीने मागितले की खोटे काम मिळते.

हा एकाच शाळेचा प्रकार असता, तर त्यावर संपादकीय लिहिले नसते. पण दोन महिन्यांत आलेल्या बहुतेक पत्रांचा सूर हाच आहे. एक शिक्षक लिहितात, 'मागच्या वर्षीच्या प्लॅनरमधले प्रश्न मी नव्यात उतरवले. मुले नवी, प्रश्न जुने.' दुसऱ्या एका बाई लिहितात, 'दहा प्रश्न हवेत म्हणून रविवारी घरी बसून दहा मुलांच्या नावांनी मीच प्रश्न लिहिले.' तिसऱ्या पत्रात ऑनलाइन प्लॅनरची तक्रार आहे. त्यातली पट्टी शंभर टक्के हिरवी झाल्याशिवाय समन्वयक पुढे जाऊ देत नाहीत, म्हणून चिंतनाच्या जागी त्या शिक्षिकेने लिहिले : 'युनिट अत्यंत यशस्वी झाले.' ते युनिट सुरू व्हायला तेव्हा चार महिने होते.

ही मागणी पीवायपीतून, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएटच्या (आयबी) प्राथमिक टप्प्याच्या आराखड्यातून, आलेली नाही, हे आधी स्पष्ट करू. जुना प्लॅनर ज्यांनी हाताने भरला आहे त्यांना आठवत असेल. सहावा चौकोन हेतू कितपत साधला याचा, सातवा पीवायपीचे घटक कितपत आले याचा, आठवा मुलांनी स्वतःहून सुरू केलेल्या शोधांचा आणि त्यांच्या प्रश्नांचा, नववा शिक्षकाच्या टिपणांचा. आठव्या चौकोनातले वाक्यच भूतकाळी होते : शिकताना मुलांकडून कोणते शोध पुढे आले? हे चौकोन युनिट चालू असताना आणि संपल्यावर भरायचे, यात शंकेला जागाच नव्हती. २०१८ नंतरच्या सुधारित पीवायपीत तर ठरावीक नमुन्याचीही सक्ती राहिली नाही. शाळेने आपल्या शिक्षकांसोबत बसून आखणीची स्वतःची पद्धत घडवावी, एवढीच अपेक्षा आहे. त्याच आराखड्याने मुलाची एजन्सी, म्हणजे त्याचा आवाज, त्याची निवड आणि शिकण्यावरची त्याची मालकी, मध्यभागी आणली. जो आराखडा मुलाचा आवाज मागतो, त्याच्याच नावाने तो आवाज आधीच लिहून ठेवायला लावणे हा त्या आराखड्याचा भंग आहे. समन्वयकांनी हे ध्यानात घ्यावे.

एक गोष्ट माझ्या वर्गातली सांगतो. संपादक होण्याआधी मी पुण्यातल्या एका शाळेत तिसरीला शिकवत होतो. 'हाउ वी ऑर्गनाइझ अवरसेल्व्ह्ज' या थीमखालचे युनिट होते आणि सेंट्रल आयडिया होती, अन्न आपल्या ताटापर्यंत अनेकांच्या श्रमांतून पोहोचते. आमची आखणी पक्की होती : गव्हापासून पोळीपर्यंत. शेताची चित्रे, गिरणीला भेट, शेवटी वर्गात कणीक मळणे. दुसऱ्या आठवड्यात गिरणीतून परतताना एका मुलीने विचारले, "आमचे आजोबा म्हणतात, कोथिंबीर संध्याकाळी आणायची, तेव्हा स्वस्त असते. मग गहू का नाही होत संध्याकाळी स्वस्त?"

माझ्याकडे उत्तर नव्हते असे नाही. पण ते त्या वेळी दिले नाही, याचे समाधान आजही आहे. दुसऱ्या दिवशी फळ्यावर तोच प्रश्न लिहिला. मुलांनी चार दिवस घरच्यांबरोबर जाऊन सकाळ-संध्याकाळचे भाव टिपले : कोथिंबीर, मेथी, पालक, कांदा, बटाटा, तांदूळ, गहू. कशाचा भाव उतरतो आणि कशाचा नाही, याचा तक्ता त्यांनीच केला. वर्गाच्या खिडकीत कोथिंबिरीची एक जुडी आणि एक कांदा ठेवला. तिसऱ्या दिवशी जुडीकडे बघून एक मुलगा म्हणाला, "हिला उद्या नाहीये." त्या वाक्यातून 'नाशवंत' हा शब्द वर्गात आला, मी आणला नाही. मंडईत भाजी विकणाऱ्या एका मावशींना आम्ही वर्गात बोलावले. पहाटे मार्केट यार्डातून माल कसा उचलतात, दुपारी पाणी का मारतात, संध्याकाळी उरलेला माल पडेल त्या भावाने का द्यावा लागतो, हे त्यांनी सांगितले. नफा-तोट्याची गणिते मुलांनी त्यांच्याच आकड्यांवर केली. शेवटी कोणीतरी विचारले, "मग आजोबा संध्याकाळी घेतात ते चांगलं की वाईट?" वर्ग दोन गटांत विभागला. आजोबांमुळे मावशींची जुडी वाया जात नाही, असे काहींचे म्हणणे. सकाळीच घेतली असती तर मावशींना पूर्ण भाव मिळाला असता, असे इतरांचे. पर्स्पेक्टिव्ह आणि रिस्पॉन्सिबिलिटी या दोन्ही कॉन्सेप्ट त्या वादात होत्या. एकही मी शिकवली नव्हती.

पुढचे सांगणे मला जड जाते. युनिट संपल्यावर विचारणा झाली : हे प्लॅनरमध्ये कुठे आहे? गव्हाची आखणी सोडून कोथिंबीर कुठून आली? मी तीन रात्री बसून प्लॅनर दुरुस्त केला. हे सगळे आधीपासून ठरले होते असे दिसावे म्हणून त्या मुलीचा प्रश्न काढून टाकला आणि त्या जागी माझा प्रश्न घातला : 'मागणी आणि पुरवठा यांचा किमतीशी काय संबंध आहे?' कागद निर्दोष झाला. पण त्या युनिटमध्ये जी गोष्ट खरोखर घडली, तिचा एकमेव पुरावा मी माझ्या हातांनी पुसला. आज पत्रे लिहिणाऱ्या शिक्षकांना मी दोष देऊ शकत नाही, ते यामुळे. आणि गप्पही बसू शकत नाही, तेही यामुळेच.

त्या दुरुस्तीत आणखी एक नुकसान झाले. मुलीचा प्रश्न मराठीत होता आणि प्लॅनरमध्ये तो इंग्रजीत गेला, तोही प्रौढांच्या इंग्रजीत. मुलांना प्रश्न घरच्या भाषेत पडतो. मराठी, हिंदी, कोकणी, गुजराती, जी असेल ती. तो सुबक इंग्रजीत बसवताना त्यातले आजोबा जातात, संध्याकाळ जाते आणि 'गहू का नाही' हा अडखळाही जातो. खरा शोध त्या अडखळ्यात होता. मुलाच्या भाषांना वर्गात जागा द्या असे आयबी स्वतः सांगते. ती जागा निदान या रकान्यापासून सुरू करा. मूल ज्या शब्दांत बोलले, तेच शब्द, त्याच भाषेत लिहा. समन्वयकाला मराठी येत नसेल, तर खाली भाषांतर द्या, वर नको.

हा आजार फक्त भरमसाट फीच्या आंतरराष्ट्रीय शाळांचा आहे असे कोणी समजू नये. राज्यात २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. प्रत्येक मुलाचे निरीक्षण करून वर्णनात्मक नोंदी लिहाव्यात, हा त्यातला उत्तम विचार होता. पुढे काय झाले, हे जिल्हा परिषदेच्या प्रत्येक शिक्षकाला माहीत आहे. विषयवार तयार नोंदींच्या पीडीएफ व्हॉट्सॲपवर फिरू लागल्या, आणि ज्याला कोणी नीट पाहिले नाही अशा मुलाच्या पुढेही 'स्वतःचे मत ठामपणे मांडतो' असे लिहिले गेले. नोंद मुलाकडे बघून व्हायची होती, ती मुलाशिवाय झाली. आता समग्र प्रगती पत्रकात मुलाचे स्वयंमूल्यमापन आणि सहाध्यायींचे मूल्यमापन आहे. ते रकानेही शिक्षकानेच रात्री बसून भरायचे का, हे येत्या वर्ष-दोन वर्षांत ठरेल. आयबी शाळांमध्ये आणि गावातल्या द्विशिक्षकी शाळांमध्ये या बाबतीत फरक नाही. मुलाच्या जागी प्रौढाने लिहिलेला कागद दोन्हीकडे सारखाच निरुपयोगी आहे.

मुलाचा प्रश्न ही जिनिव्हाहून आयात केलेली चैन आहे, असे बोलणाऱ्यांनाही इथेच उत्तर देतो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने त्याच्या अंगणात जावे, हे त्यांनी करून दाखवले. कोल्हापुरात लीलाताई पाटलांनी १९८५ मध्ये सृजन आनंद विद्यालय उभे केले, आणि त्यांचे लेखन वर्गात घडलेल्या गोष्टींमधून आले. आधी वर्ग, मग लेखणी, असा त्यांचा क्रम होता. पीवायपीसुद्धा कोणा मंत्रालयात जन्मले नाही. आंतरराष्ट्रीय शाळांमधल्या शिक्षकांनी एकत्र येऊन चालवलेल्या प्रकल्पातून ते घडले आणि १९९७ मध्ये आयबीकडे आले. शिक्षकांनी शिक्षकांसाठी केलेली ही गोष्ट शिक्षकांवर पाळत ठेवण्याचे साधन होऊ देऊ नका.

मुख्याध्यापकांचे म्हणणे आम्ही ऐकले आहे. शिक्षक वर्षाच्या मध्यात सोडून जातात. नव्याला हाताशी काही हवे. पालक विचारतात. पाच वर्षांनी होणाऱ्या इव्हॅल्युएशनला पुरावे लागतात. यातले एकही कारण खोटे नाही. म्हणून आखणी सैल करा असे आम्ही म्हणत नाही. सेंट्रल आयडिया, कॉन्सेप्ट, लाइन्स ऑफ इन्क्वायरी, पूर्वज्ञान तपासण्याची रीत, प्रोव्होकेशन, लागणारी पुस्तके, भेटीची ठिकाणे, अंतिम मूल्यमापन हे सगळे जूनमध्ये काटेकोर लिहून घ्या. मुले कोणत्या दिशांना जाऊ शकतील याचा अंदाजही लिहून घ्या, कारण अनुभवी शिक्षक तो बांधतोच. पण तो 'शिक्षकाचे प्रश्न' या जागी लिहा. मुलांचे प्रश्न आणि चिंतन हे रकाने मात्र युनिट संपल्यानंतर आठ दिवसांनी तपासा, त्याआधी नको. इव्हॅल्युएशनला येणाऱ्यांना भरलेल्या प्लॅनरपेक्षा बदललेला प्लॅनर अधिक सांगतो. आधी काय ठरले होते, मुलाने काय विचारले, मग काय बदलले, या तीन गोष्टी एका पानावर दिसल्या, तर त्याहून मोठा पुरावा नाही.

आता आपल्याशी, म्हणजे वर्गात उभ्या राहणाऱ्यांशी. सगळा दोष वरच्यांवर टाकून आपण सुटत नाही. वंडर वॉलवर, म्हणजे मुलांच्या प्रश्नांच्या भिंतीवर, लावलेल्या चिठ्ठ्या पहिल्या आठवड्यातल्याच असतात, आणि सहाव्या आठवड्यात त्या काढून टाकेपर्यंत त्यांच्याकडे कोणी परत वळलेले नसते. काही वर्गांत तर त्या लॅमिनेट करून पुढच्या वर्षासाठी जपून ठेवलेल्या मी पाहिल्या आहेत. समन्वयकाने सांगितले नव्हते, तरीही. युनिटच्या सुरुवातीच्या, ट्यूनिंग इनच्या तासाला मुलांकडून पाच प्रश्न घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी आपल्याच वर्कशीटवर परत यायचे, ही आपली सवय आहे. याचे फळ पाचवीत दिसते. एक्झिबिशनची वेळ येते, स्वतःचा विषय आणि स्वतःचा प्रश्न निवडायचा असतो, आणि मुले आपल्याकडे येऊन विचारतात, "मॅडम, मी कोणता प्रश्न घेऊ?" पाच वर्षे ज्याच्या प्रश्नाचे काही झाले नाही, ते मूल दुसरे काय विचारणार? मग पालक धावतात, फलक छापून येतात, आणि मूल पाठ केलेले बोलते. ती एक्झिबिशन पाचवीत बिघडलेली नसते. ती पहिलीतल्या त्या वंडर वॉलपाशी बिघडलेली असते.

म्हणून या वर्षी एवढे करा. पुढच्या कोलॅबोरेटिव्ह प्लॅनिंगच्या बैठकीत हा विषय तुम्ही मांडा, एकट्याने नको, इयत्तेच्या सगळ्या शिक्षकांनी मिळून. मुलांच्या प्रश्नांचा रकाना रिकामाच द्या आणि त्यात तारीख लिहा : अमुक दिवशी भरू. विचारले तर जुन्या प्लॅनरमधले ते भूतकाळी वाक्य दाखवा. आणि ज्या दिवशी मूल विचारेल, त्याच दिवशी, तास संपायच्या आत, त्याचे शब्द टिपून ठेवा. रात्रीवर टाकलेत तर ते शब्द तुमचे होतील.

आणि आमची एक मागणी. प्रत्येकाने आपल्या वर्गातला एक प्रश्न आम्हाला पाठवावा. मुलाचे नाव नको, शाळेचेही नको. मूल बोलले ते शब्द, त्याची भाषा, तारीख, आणि त्यामुळे तुमच्या आखणीत काय बदलले, एवढेच लिहा. काहीच बदलता आले नसेल, तर तेही लिहा, का नाही ते लिहा. उत्तर सापडले नसेल तरी चालेल. पुढच्या अंकाची दोन पाने आम्ही यासाठी राखली आहेत. आज ती रिकामी आहेत, आणि तुमची पत्रे येईपर्यंत आम्ही ती भरणार नाही.