सुताराच्या कामाचे मोल

गोव्यात जुने घर विकावयास निघाले की मोजमाप होते ते चौरस मीटरांचे. जमिनीचा भाव ठरतो. फणसाच्या चौकटी, सागवानी खांब, कोरीव देव्हारा व शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या मात्र बहुधा ‘जुने लाकूड’ म्हणून हिशेबाबाहेर राहतात. पुढे तीच दारे जुन्या वस्तूंच्या दुकानांतून चढ्या दामाने विकली जातात. जे मोल व्यापाऱ्यास दिसते, ते घरधन्यास दिसू नये, हे शोचनीय होय.

या कामाची खरी परीक्षा पाऊस घेतो. येथे वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस कोसळतो. त्या ओलीत भुसा दाबून केलेल्या फळ्या फुगतात, दारे अडतात, फटींतून पाणी झिरपते. मुरलेले सागवान निष्णात हाताने सांधलेले असेल तर पिढ्यान्‌पिढ्या टिकते.

म्हणून वाटणीपूर्वी वारसांनी लाकूडकामाची यादी करावी व जाणत्या मेस्ताकडून तिचे मूल्य ठरवून घ्यावे. नवे घर बांधणाऱ्यांनीही काटकसरीचा पहिला घाव सुताराच्या मजुरीवर घालू नये. तेथे वाचविलेला पैसा दोन-चार पावसाळ्यांतच दुरुस्तीपायी दामदुपटीने मोजावा लागतो.