वऱ्हाडात बघण्यासारखे आहे तरी काय?

सुट्या लागल्या की अकोला-अमरावतीच्या मध्यमवर्गीय घरांत एकच चर्चा सुरू होते. यंदा कुठे? गोवा, मनाली, हात थोडा सैल असेल तर थायलंड. अशा वेळी कुणी म्हणावे की, एक दिवस मूर्तिजापूरला जाऊन येऊ, तर मुलांच्या आधी आईवडीलच हसतात. "तिथे बघण्यासारखे आहे काय?"

हा प्रश्न वाटतो तितका निरागस नाही. जे दूरचे ते श्रेष्ठ आणि जे घरचे ते गावठी, ही समजूत मॅकॉलेच्या शिक्षणपद्धतीने आपल्या मनात रुजवली. इंग्रज गेले, समजूत राहिली. आज तिला खतपाणी घालणारे कुणी परके नाहीत, आपणच आहोत.

मूर्तिजापूरच्या रेल्वेस्थानकापासूनच सुरुवात करू. मुंबई-हावडा मार्गावरील या स्थानकातून एके काळी अरुंद रुळांची 'शकुंतला' दोन दिशांना निघे. एक फाटा यवतमाळला, दुसरा अचलपूरला. एकूण लांबी सुमारे १९० किलोमीटर. किलिक निक्सन या ब्रिटिश पेढीच्या कंपनीने हा मार्ग उभारला, तो वऱ्हाडच्या शेतकऱ्याच्या सोयीसाठी नव्हे. इथला कापूस मुंबईच्या बंदरावर आणि तेथून लँकेशायरच्या गिरण्यांत पोचावा, यासाठी. मँचेस्टरला १९२१ साली बनलेले वाफेचे इंजिन या रुळांवर १९९४ पर्यंत धावले. त्याहून विलक्षण गोष्ट पुढेच आहे. देशातील रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले, तरी या मार्गाची मालकी खासगी कंपनीकडेच राहिली आणि स्वतंत्र भारताची रेल्वे त्यावर कराराने गाड्या चालवत राहिली. गेल्या दशकात गाडी बंद पडली. वसाहतवादी शोषण म्हणजे काय, हे दहावीच्या मुलाला पुस्तकातील चार ओळींतून कळत नाही. या फलाटावर अर्ध्या तासात कळेल. पण त्याला इथे आणतो कोण? त्याची सहल वॉटरपार्कला गेलेली असते.

मूर्तिजापूर तालुक्यातच दापुरे आहे. शेणगावी २३ फेब्रुवारी १८७६ रोजी जन्मलेला डेबूजी झिंगराजी जाणोरकर या गावी, मामाच्या घरी वाढला. मामाच्या शेतात राबला. सावकाराच्या पाशात ते शेत गेले, तेव्हा त्याच्या माणसांपुढे हाच तरुण उभा ठाकला. मुलीच्या बारशाला दारू-मटणाची रूढ पंगत मोडून त्याने गोडाचे जेवण वाढले. जातभाईंचा रोष पत्करला. १९०५ साली घर सोडले आणि जगाला गाडगेबाबा मिळाले.

या बाबांचे आपण काय केले? पुरोगामी मंडळींनी त्यांच्यातला विठ्ठलाचा गजर वगळला आणि कोरडा सुधारक तेवढा ठेवला. सरकारने त्यांच्या नावे स्वच्छता अभियान काढले. ते योग्यच झाले. पण बाबा म्हणजे फक्त झाडू, असे चित्रही त्यातून तयार झाले. अस्पृश्यतेवर कोरडे ओढणारा, पंढरपुरात चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधणारा, मूर्तिजापुरात गोरक्षण उभे करणारा आणि हे सारे कीर्तनातून, देवाचे नाव घेत करणारा माणूस या चौकटींत मावत नाही. आणि आपण? जयंतीला हाती झाडू घेऊन छायाचित्र काढतो. समरसतेवर तासभर बौद्धिक देणाऱ्या कार्यकर्त्यांपैकी किती जणांनी दापुरे पाहिले आहे, हे ज्याने त्याने आपल्या शाखेत विचारावे. उत्तर सुखावह नसेल.

त्याच तालुक्यात पूर्णाकाठी लाखपुरी आहे, लक्षेश्वराचे स्थान. तासभर तिथे बसावे आणि मग दक्षिणेची वाट धरावी, कारण दिवसाचा मोठा भाग कारंजासाठी राखायला हवा. श्रीनृसिंह सरस्वतींचे हे जन्मस्थान. दुरून येणारे दत्तभक्त मूर्तिजापूरला उतरून तिथे जातात. अकोल्याचा माणूस 'जाऊ कधीतरी' म्हणतो. त्याच कारंजात जैनांची प्राचीन मंदिरे आणि हस्तलिखितांची भांडारे आहेत. अमरावतीचे प्राध्यापक हिरालाल जैन यांनी त्यातील अपभ्रंश ग्रंथ संपादून १९३०च्या दशकात प्रकाशात आणले. ज्या भाषेच्या अंगणात मराठी वाढली, तिचे धन आपल्या शेजारच्या गावात जपले गेले, हे आपल्या पदवीधरांना परके संशोधक सांगतील तेव्हा कळणार काय?

आणखी एक. सुरतेची लूट कुठल्याही मुलाला ठाऊक असते. १६७० च्या दुसऱ्या सुरत स्वारीनंतर त्याच वर्षाअखेरीस मराठी फौजा मोगली अमलाखालच्या कारंजावर आल्या आणि या श्रीमंत पेठेतून अपार संपत्ती स्वराज्याच्या कामी घेऊन गेल्या, हे मात्र वऱ्हाडी मुलाला विचारून पाहा. शिवराय म्हणजे सह्याद्री, वऱ्हाडचा त्यांच्याशी संबंध काय, असा त्याचा समज असतो. तो दुरुस्त करण्यासाठी रायगडापर्यंत जावे लागत नाही. कारंजाच्या वेशीतून चालत जावे.

शासनाकडे मागण्यासारखे बरेच आहे: फलक, रस्ते, शकुंतलेच्या अवशेषांचे जतन. ते मागूच. पण शाळांच्या सहली शासन ठरवत नाही, संस्थाचालक आणि पालक ठरवतात. त्यांतील बरेच जण हे साप्ताहिक वाचतात. सहलींचा हंगाम हिवाळ्याचा. २० डिसेंबर ही बाबांची पुण्यतिथी. पालकसभा त्याआधी होतात. तिथे हा विषय कुणी मांडायचा, ते शाखेच्या येत्या बैठकीतच ठरवावे.