भरती आली, पण ओहोटीचं काय?

लिंक्डइन उघडलंत की अधूनमधून एक पोस्ट हमखास दिसते : 'वी आर स्टाफिंग अप!' सोबत रॉकेटचा इमोजी. आपण लगेच सीव्ही काढतो. पण थांबा, आधी तो शब्द नीट बघू.

'स्टाफ' म्हणजे कर्मचारी, हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. इंग्रजीत तो क्रियापद म्हणूनही चालतो. त्याला 'अप' जोडलं की अर्थ होतो, आहेत त्यापेक्षा जास्त माणसं घेणं. कुणी सोडून गेलं म्हणून त्याच्या जागी दुसरा घेतला, तर ते नुसतं 'हायर'. सणासुदीची गर्दी, मोठा प्रोजेक्ट, नवं ऑफिस यासाठी माणसं वाढवली, की 'स्टाफ अप'.

म्हणजे या 'अप'मध्ये एक अंदाज दडलेला असतो : काम वाढणार! आणि तो चुकला तर? आपल्या मराठीने हे केव्हाच ओळखलंय. नोकरीचीही भरतीच आणि समुद्राचीही भरतीच. तिच्यामागून काय येतं, ते कोकणातलं शेंबडं पोरही सांगेल.

मेटाचंच बघा ना. २०१९च्या अखेरीस तिथे सुमारे ४५ हजार कर्मचारी होते, सप्टेंबर २०२२मध्ये ८७ हजार! कोविडकाळात वाढलेला ऑनलाइन धंदा तसाच टिकेल, असा हिशेब होता. तो फसला आणि नोव्हेंबर २०२२मध्ये ११ हजारांहून जास्त जणांना नारळ मिळाला. चूक आपली, असं झकरबर्ग यांनी मान्य केलं. नोकरी मात्र इतरांची गेली. दोनच महिन्यांनी गुगलच्या अल्फाबेटनेही १२ हजारांची कपात जाहीर केली.

मग अर्जच करायचा नाही का? करायचा, बिनधास्त करायचा. फक्त इंटरव्ह्यूच्या शेवटी 'एनी क्वेश्चन्स?' असं विचारतात, तेव्हा मान हलवून उठू नका. विचारा : ही जागा नवी आहे की रिकामी झालेली? टीम वाढवताय ती हातात असलेल्या कामासाठी की येऊ घातलेल्या? ते काम संपलं तर या जागेचं काय? आणि ऑफर लेटरमध्ये पॅकेजच्या आकड्याइतकंच लक्ष प्रोबेशन आणि नोटीस पीरियडकडेही द्या.

असं विचारल्यावर समोरचा चिडला, तर उत्तर मिळालंच समजा. भरतीच्या वेळी पाण्यात जरूर उतरा, पण पायाखाली वाळू किती आहे ते चाचपूनच.