दिवा विझण्याच्या आधी

बंद पडलेल्या खाणींत उतरून त्यांचा इतिहास धुंडाळणाऱ्या हौशी मंडळ्या ब्रिटनमध्ये बऱ्याच वर्षांपासून आहेत. कॉर्नवॉलच्या कथलाच्या आणि वेल्सच्या शिशाच्या खाणी हे त्यांचे क्षेत्र. गडकिल्ले पायाखाली घालणाऱ्या आपल्या तरुणांपैकी कोणाला या अंधाऱ्या वाटांची ओढ लागली, तर आम्ही नाक मुरडणार नाही. मात्र दोर, विजेरी आणि हेल्मेट घेतले की तयारी झाली, हा समज घातक आहे. जुन्या खाणीत कोसळणारा दगड जसा मारतो तसाच न दिसणारा वायूही मारतो. आणि दगडाचा निदान आवाज तरी होतो.

गोव्यातील लोहखनिजाच्या खाणी उघड्या आकाशाखालच्या; म्हणून हा धोका आम्हांस परका वाटतो. पण विहीर उपसण्यापूर्वी दोरीला कंदील बांधून खाली सोडण्याची वाडवडिलांची रीत याच धोक्यातून आली. दिवा विझला तर माणूस उतरायचा नाही. रीत शहाणपणाची खरी, पण अपुरी. ज्योत विझते ती प्राणवायू सोळा-सतरा टक्क्यांवर उतरल्यावर. आपल्या खाणनियमांना मात्र किमान १९ टक्के प्राणवायू हवा असतो. कार्बन मोनॉक्साइडविषयी ज्योत काहीच सांगत नाही, आणि मिथेन असेल तर उघडा कंदील म्हणजे सुरुंगाची वातच. हम्फ्री डेव्हीने १८१५ साली ज्योतीभोवती तारेची जाळी बसविली ती त्यासाठी.

आज हे काम करणारी यंत्रे खिशात मावतात. त्यांतले कोणते घ्यावे? सर्रास मिळते ते चार वायूंचे: प्राणवायू, ज्वालाग्राही वायू, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड. जुन्या खाणीतील मोठा वैरी, कार्बन डायऑक्साइड, या चौघांत नाही. कुजणारे लाकूड आणि हवेने झिजणारे खनिज प्राणवायू खाऊन टाकतात, आणि हा जड वायू सखल जागी साचतो. स्वच्छ हवेत तो बाहेरून येऊन पाच टक्के झाला, तरी प्राणवायू २०.९ वरून १९.९ टक्क्यांवरच येतो. यंत्राची घंटा साधारणतः १९.५ ला वाजते. म्हणजे ती मुकीच राहणार. खाणनियमांनी या वायूला दिलेली मुभा फक्त अर्ध्या टक्क्याची आहे! तेव्हा अवरक्त किरणांनी कार्बन डायऑक्साइड वेगळा मोजणारे यंत्रच घ्यावे. ते परवडत नसेल तर बेत पुढे ढकलावा.

दुसरी खोच ज्वालाग्राही वायूच्या मोजणीत आहे. पुष्कळ यंत्रांत तो तापलेल्या मण्यावर जाळून मोजतात. जळायला प्राणवायू हवा; तोच कमी असेल तर मिथेन भरलेला असूनही आकडा खोटा दिलासा देतो. सिलिकोनयुक्त वंगणाच्या वाफेने हा मणी गुपचूप निकामीही होतो. म्हणून उतरण्यापूर्वी दर वेळी माहीत असलेल्या प्रमाणाचा वायू यंत्रावर सोडून ते बोलते की नाही हे पाहावे लागते. प्राणवायू मोजणारा भाग बहुधा दोन-तीन वर्षांतच संपतो. जुने यंत्र स्वस्तात घेणाऱ्याने हे विसरू नये. तपासणीविना गळ्यात अडकवलेले यंत्र आणि ताईत यांत आम्हांस फरक दिसत नाही. आणि काल निर्धोक ठरलेली वाट आजही तशीच असेल, असेही नव्हे. हवेचा दाब उतरला की जुन्या पोकळ्यांत कोंडलेला वायू वाटांत पसरतो.

हे झाले हौशी लोकांचे. कोलारच्या सुवर्णखाणी २००१ साली बंद झाल्या. मे २०२० मध्ये तेथील एका बंद खाणीत चोरीच्या इराद्याने उतरलेले तिघे प्राणास मुकले. झारखंडात सोडून दिलेल्या कोळसाखाणींत पोटासाठी शिरणारे तर गुन्हेगार म्हणूनच ओळखले जातात. यांच्या हाती कोण यंत्र देणार? सोडलेल्या खाणीची तोंडे बुजविणे वा त्यांना कुंपण घालणे हे मालकाचे कायदेशीर कर्तव्य आहे, आणि अनेक ठिकाणी मालक खुद्द सरकारच आहे. धनबादच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाने अशा प्रत्येक तोंडाची जिल्हावार यादी जाहीर करावी, आणि कुंपण कोणी, कोणत्या तारखेपर्यंत घालायचे हे तिच्यातच लिहावे.